उघडणं हे ब्राउझरचंच काम

मणियार सरांना मोबाइल वापरता येत नाही, असं बिबवेवाडीच्या स्नेहसंगम सोसायटीत जे दोन-चार लोक सांगत फिरतात, ते धादांत खोटं आहे. सर मोबाइलवर रेल्वेचं तिकीट काढतात, विजेचं बिल भरतात आणि पुतण्याच्या लग्नात त्यांनी अख्खा निकाह सोलापूरच्या थोरल्या बहिणीला व्हिडिओवर दाखवला होता. बहिणीला बराच वेळ मांडवाचं छत दिसलं, पण छतही चांगलंच होतं. तेव्हा अडाणीपणाचा प्रश्नच येत नाही. प्रश्न तत्त्वाचा होता. आणि पुण्यात एकदा प्रश्न तत्त्वाचा ठरला की तो सोप्या मार्गाने सोडवणं हा चक्क कमीपणा समजतात.

झालं ते असं. सोमवारी सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरी श्यामसुंदर केळापुरे यांनी एक लिंक टाकली. खाली फाइलचं नाव होतं, ‘तळमजला खोली वापरबदल अंतिम अंतिम दोन’. त्याखाली मजकूर: ‘सर्व सभासदांनी वाचून मत कळवावे. रविवारी सभा. मत न कळवल्यास सहमती गृहीत धरली जाईल.’ सरांनी फाइलचं नाव वाचलं आणि हातातला चहा तसाच खाली ठेवला.

कारण ती खोली. फाटकातून आत आलं की डाव्या हाताला ती आहे. बिल्डरने ती वॉचमनसाठी बांधली होती, पण वॉचमनला फाटकाजवळच्या खुर्चीतच बरं वाटायचं. निवृत्त झाल्यावर सरांनी तिथे दोन बाकं टाकली, मागे लागून पंखा बसवून घेतला, वर्तमानपत्रं लावली आणि दारावर स्वतःच्या हाताने ‘वाचनालय’ असं रंगवलं. शब्द खोलीच्या मानाने जरा मोठा झाला, हे मान्य. पण रोज सकाळी सर कुलूप उघडायचे, झाडू मारायचे आणि पेपरांच्या घड्या नीट लावून बसायचे. पाठोपाठ चौथ्या मजल्यावरच्या यमुनाबाई ओव्हाळ यायच्या. ओव्हाळ मॅडम जिल्हा परिषदेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या. अग्रलेख वाचताना कुणी बोललं तर त्या चष्म्यावरून नुसतं बघायच्या, आणि बोलणारा हवापाण्याचं वाक्यसुद्धा अर्ध्यात सोडायचा.

सरांना खोली हवी होती, कारण दुसरीकडे बसायला त्यांना जागाच नव्हती. घरात सकाळी शबनमबाईंचा शिवणक्लास. हॉलभर मशिनं, क्लासच्या बायका आणि ब्लाउजच्या मापांची मोकळी चर्चा. तिथे निवृत्त भूगोल-शिक्षकाने पेपर घेऊन बसायचं म्हणजे काय? एकदा बसले होते, तर हातात टेप देऊन ‘सर, हे टोक जरा धरा हो’ म्हणाल्या बायका. खोली गेली तर जायचं कुठे? कोपऱ्यावरच्या बसस्टॉपवर रोज काही म्हातारे बसतात. कुठलीही बस आली तरी ते उठत नाहीत. सरांना त्या बाकाची भीती वाटायची, अगदी खरीखुरी भीती. हे त्यांनी शबनमबाईंनाही कधी सांगितलं नव्हतं.

तर सरांनी लिंकवर बोट ठेवलं. ब्राउझर उघडला. ब्राउझरचं नाव ‘सरसर’. निळी रेघ सरसर पुढे गेली, ‘डाउनलोड पूर्ण’ असं आलं आणि सगळं शांत झालं. सरांनी पुन्हा बोट ठेवलं. पुन्हा ‘डाउनलोड पूर्ण’. पाचव्यांदा बोट ठेवल्यावर फोनने खुलासा केला: ‘ही फाइल उघडण्यासाठी ॲप सापडले नाही.’

“सापडलं नाही म्हणजे?” सर कडाडले. “हा ब्राउझर मला कात्रजच्या घाटातला ट्रॅफिक दाखवतो, मॅच दाखवतो, न मागता चपला दाखवतो. आणि एक साधा कागद दाखवायचा म्हटला की ह्याचे हात मोडले?”

“अहो, वेगळं ॲप मिळतं त्याचं. टाका की,” शबनमबाई मशीनवरून न उठता म्हणाल्या. “दोन मिनिटांचं काम.”

“मुद्दा दोन मिनिटांचा नाही.”

“मग कशाचा आहे?”

“तत्त्वाचा!”

शबनमबाईंनी मशीन सुरू केलं. इतक्या वर्षांच्या संसारात हा शब्द ऐकला की मशीन सुरू करायचं, हे त्यांना पाठ झालेलं होतं.

सरांची मुलगी सबा हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत. सरांनी तिला फोन लावला.

“अब्बा, तो लाइट ब्राउझर आहे,” सबा म्हणाली. “तुमच्या फोनमध्ये जागाच नाहीये, म्हणून मीच टाकला ना तो. पीडीएफ रीडर आत घातला की साइज वाढते, सिक्युरिटीचे इश्यू येतात, सारखे अपडेट करावे लागतात. ज्याला हवंय त्याने वेगळं ॲप घ्यावं, असं लॉजिक आहे.”

“फोनमध्ये जागा नाही, म्हणून हलका ब्राउझर?”

“हो.”

“हलक्या ब्राउझरला कागद वाचता येत नाही, म्हणून वेगळं ॲप?”

“हो.”

“आणि ते वेगळं ॲप काय हवेत राहणार आहे? त्याला जागा लागत नाही?”

“अब्बा, माझी मीटिंग आहे.”

“आणि ज्याला हवंय म्हणजे काय गं? वाचायला कुणाला नको असतं?”

“अब्बा, खरं सांगू? बहुतेकांना,” असं म्हणून तिने फोन ठेवला. सरांना हे उत्तर उद्धट वाटलं. ते नुसतं बरोबर होतं, हे कळायला त्यांना शुक्रवार उजाडावा लागला.

दुपारपर्यंत ग्रुपवर उत्तरांची रांग लागली. ‘वाचले. सहमत.’ ‘वाचले. उत्तम प्रस्ताव.’ ‘वाचले. सेक्रेटरींचे अभिनंदन.’ ज्यांना टायपायचा कंटाळा होता त्यांनी अंगठा दिला. सरांनी एकट्याने लिहिलं, ‘मला फाइल उघडत नाही.’ त्यावर फक्त दोन अंगठे आले.

सर तडक दुसऱ्या मजल्यावर हिंदुराव जगदाळ्यांकडे गेले. हिंदुराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त, माणूस मोठ्या मनाचा, सल्ला देताना तर हात कधीच आखडता घ्यायचा नाही.

“फोन बंद करून चालू करा, सर. सगळी दुखणी जात्यात.”

“केला.”

“मग गॅलरीत धरा. हितं रेंजचा घोळ हाय.”

सरांनी गॅलरीत हात लांब करून फोन धरला. खालून वॉचमनने त्यांना सलाम केला. फाइल काही उघडली नाही.

“तुमच्या फोनवर दाखवा ना,” सर म्हणाले. “तुम्ही तर वाचलीत. ‘उत्तम प्रस्ताव’ असं लिहिलंयत.”

“माझ्यात? उघडती की! न उघडायला काय झालं?” हिंदुराव म्हणाले आणि फोन उशीखाली सारत पुढे म्हणाले, “पण आत्ता चार्जिंग न्हाई.”

मग सर सेक्रेटरींकडे गेले. केळापुरे यांनी गेल्या वर्षी सोसायटी ‘पेपरलेस’ केली होती आणि तेव्हापासून ते कागदाचं नाव निघालं की नाक मुरडायचे. जिन्याखालच्या सूचनाफलकावर आता एकच सूचना होती, ‘सूचना ग्रुपवर पाहाव्यात’. ती मात्र कागदावर होती, पण ते असो.

“मला या नोटिशीची छापील प्रत हवी,” सर म्हणाले.

“जरूर. आपला हक्कच आहे तो. लेखी अर्ज करा.”

“द्या कागद, आत्ता करतो.”

“तसा नाही चालत, सर. ठरलेला नमुना आहे. सोसायटीच्या साइटवर ठेवलाय.”

“कशात ठेवलाय?”

केळापुरे यांनी चष्मा काढून पुसला. “पीडीएफमध्ये,” ते म्हणाले.

“केळापुरे, तुम्ही स्वतः वाचलीय का ही नोटीस?”

“सर! मी सेक्रेटरी आहे!” केळापुरे दुखावले. याला उत्तर म्हणायचं की नाही, हे सरांना जिना उतरेपर्यंत ठरवता आलं नाही.

आता कुणी म्हणेल, की मग झेरॉक्सच्या दुकानात जायचं. गेले की! दुकानदार म्हणाला, “सर, फाइल मला पाठवा, चुटकीसरशी काढून देतो.” सरांचं बोट ‘पाठवा’वर टेकणार, एवढ्यात त्यांच्या मनात आलं, की प्रिंट मिळाली म्हणजे आपलं काम होईल, आणि काम झालं की आपलं म्हणणं कोण ऐकणार? अडचण दूर झालेल्या माणसाचं गाऱ्हाणं या शहरात कुणीही ऐकून घेत नाही. सरांनी फोन खिशात घातला, “राहू द्या, लढाई वेगळी आहे,” असं सांगितलं आणि परत फिरले. दुकानदाराने बराच वेळ त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहिलं.

लढाईचा पहिला गोळा सरांनी बुधवारी डागला. वाचनालयात बसून त्यांनी ‘सरसर’च्या कंपनीला अभिप्राय लिहिला. अभिप्रायाची चौकट इवलीशी, चार ओळी झाल्या की दार बंद. तेव्हा सरांनी तो तुकड्या-तुकड्यांत पाठवला. ‘महोदय, भाजीवाला भाजी देतो आणि पिशवीचं तोंड उघडायला दुसऱ्या दुकानातून माणूस आणा म्हणत नाही,’ इथून सुरुवात होती. ‘जो कागद दाखवता येत नाही, तो उतरवून घेण्याचा आपल्याला काय अधिकार?’ असा मध्य होता. शेवटच्या तुकड्यात ‘सरकारचे दाखले, परीक्षांचे निकाल, दवाखान्याचे रिपोर्ट, सोसायटीच्या नोटिसा, सगळा देश आज या एका प्रकारात कागद पाठवतो, तो उघडणं ही चैन नाही, ब्राउझरचं कर्तव्य आहे,’ असा समारोप होता. प्रत्येक तुकडा सरांनी ओव्हाळ मॅडमना वाचून दाखवला. मॅडम अग्रलेखातून मान वर न करता “हं” म्हणाल्या.

गुरुवारी कंपनीचं उत्तर आलं! सरांनी शबनमबाईंना मशीन थांबवायला लावलं, क्लासच्या बायकांना गप्प केलं आणि मोठ्याने वाचलं, “आपल्या मौल्यवान सूचनेबद्दल आभार. आपल्या मुद्द्यांचे सविस्तर उत्तर सोबत जोडले आहे.” आणि खाली जोडलेली होती पीडीएफ.

क्लासमधली एक बाई हसली. मग दुसरी हसली. सर खाली गेले आणि वाचनालयात पंखा न लावता बसून राहिले. माणसाचा अपमान व्हावा, पण इतका पद्धतशीर होऊ नये.

शबनमबाई तोंडाने फटकळ असल्या तरी नवऱ्याचा उतरलेला चेहरा त्यांना बघवत नाही. शुक्रवारी सर जुम्म्याच्या नमाजासाठी दाढी करायला मोरीतल्या आरशापुढे उभे राहिले, तेवढ्यात त्यांनी सरांचा फोन घेतला, दोन बिनकामाची ॲप उडवून जागा केली आणि ‘झटपट पीडीएफ’ नावाचं ॲप टाकलं. मग फोन थेट मोरीपाशी नेऊन सरांच्या हातात दिला.

“घ्या. टाकलं मी. तत्त्व तुमचं, ॲप माझं. आता वाचा आणि सुटा एकदाचे.”

सरांचा चेहरा फेसाने भरलेला, अंगात बनियन, बोटं साबणाची. त्यांनी निषेध म्हणून फोन खाली ठेवायला हवा होता. पण मनुष्य आहे, मोह झाला. ॲप उघडलं. ॲपने आधी त्यांच्या सगळ्या ओळखीच्या लोकांचे नंबर मागितले, मग कॅमेरा मागितला, मग ते आत्ता कुठे उभे आहेत ते विचारलं. मोरीत उभा आहे, तुला काय करायचंय, असं सर म्हणाले, पण बोट साबणाचं, ते सगळीकडे ‘हो’वर घसरत गेलं. मग एक जाहिरात आली, गुडघेदुखीच्या तेलाची. ती बंद करायची फुली शोधताना कुठे तरी दाबलं गेलं आणि खट्ट असा आवाज झाला.

‘अभिनंदन! आपली पीडीएफ तयार आहे,’ ॲप म्हणालं. पडद्यावर सर होते. अर्धी दाढी फेसात, तोंड उघडं, आणि काखेपाशी उसवलेली बनियन, जी टाकून द्या म्हणून शबनमबाई दिवाळीपासून सांगत होत्या. सरांनी घाबरून मागे जायचं बटण दाबलं. ते मागे जायचं नव्हतं. फाइल गेली, आणि गेली ती सरळ सोसायटीच्या ग्रुपवर.

“या अल्ला!” सरांच्या तोंडून एवढंच निघालं. त्यांनी ग्रुप उघडला, फाइलवर बोट दाबून धरलं, ‘हटवा’ आलं, ते दाबलं, आणि खाली काय लिहिलंय ते न वाचता पहिलंच दाबलं. फाइल नाहीशी झाली. सरांनी सुस्कारा सोडला. मग बारीक अक्षरं दिसली: ‘ही फाइल फक्त तुमच्यासाठी हटवली आहे.’ म्हणजे उभ्या सोसायटीत ती बनियन आता प्रत्येकाच्या फोनवर होती, फक्त सरांच्या फोनवर नव्हती. रागाच्या भरात त्यांनी ‘झटपट पीडीएफ’ सुद्धा उडवून टाकलं, जणू गुन्हेगार तेच होतं. नोटीस वाचायची तशीच राहिली.

नमाजात त्यांचं लक्ष लागलं नाही. घरी येताना जिन्यात कुणी भेटू नये म्हणून ते मागच्या दाराने आले. जेवण गेलं नाही. शेवटी मन घट्ट करून त्यांनी ग्रुप उघडला. त्यांच्या फाइलखाली, म्हणजे जिथे ती त्यांना दिसत नव्हती तिथे, उत्तरं होती.

‘वाचले. सहमत.’

‘मुद्देसूद मांडणी, सर.’

‘भाषा थोडी कडक आहे, पण भावना पोहोचल्या.’

सेक्रेटरी केळापुरे: ‘आपल्या हरकतीची नोंद घेतली. योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.’

थट्टा! अख्खी सोसायटी थट्टा करतेय, असंच सरांना वाटलं, आणि संताप अनावर झाला. ते पायऱ्या उतरून वाचनालयात जाऊन बसले. मागोमाग हिंदुराव आले आणि त्यांनी सरांचे दोन्ही हात हातात घेतले.

“काय लिवलंय, सर! मानलं तुमाला. पहिलं पान ठीक हाय, पण दुसरं पान वाचून अंगावर काटा आला बगा.”

“दुसरं पान?”

“तर! तिथं तर तुमी सोडलंच न्हाई कुणाला.”

सरांनी हिंदुरावांच्या डोळ्यांत बघितलं. डोळे स्वच्छ होते. थट्टेचा मागमूस नव्हता, आणि वाचल्याचाही नव्हता. सरांना सबाचं बोलणं आठवलं. कुणाच्याच फोनवर काही उघडत नव्हतं. ना नोटीस, ना बनियन. आणि ‘उघडत नाही’ म्हणायची लाज वाटत होती सगळ्यांना. तसं म्हटलं की माणूस म्हातारा ठरतो, आणि म्हातारा ठरण्यापेक्षा सहमत होणं बरं. सर उठले आणि त्यांनी पंखा मोठा केला.

शनिवारी रात्री जेवताना त्यांनी शबनमबाईंना बेत सांगितला. शबनमबाईंचा घास हातातच राहिला.

“सगळ्यांसमोर? बनियनचं सांगणार? अहो, शाळेची पोरं राहतात इथे. तुमच्या हाताखाली शिकलेली माणसं आहेत. आयुष्यभर कडक इस्त्रीत राहिलात.”

“माहीत आहे.”

“नसेल सांगवत तर नका सांगू. खोलीचं बघू काही तरी. क्लास दुपारी ठेवते मी.”

“शबनम,” सर म्हणाले, आणि मग जे इतके दिवस सांगितलं नव्हतं ते बाहेर पडलं, “मला त्या बसस्टॉपवर नाही बसायचं.”

सकाळी शबनमबाईंनी सरांचा पांढरा शर्ट स्वतः इस्त्री करून दिला.

रविवारी पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. केळापुरे यांनी सुरुवात केली. “नोटिशीस सर्व सभासदांनी वाचून सहमती दिलेली आहे. फक्त मणियार सरांची हरकत आलेली आहे. तीही आपण सर्वांनी वाचली आणि तिलाही सहमती दिली. त्यामुळे थोडा पेच आहे. माझी सूचना अशी, की आधी आलेलं बहुमत धरावं.”

सर उभे राहिले. “मला एकच विचारायचंय. माझ्या हरकतीत काय होतं?”

खुर्च्या करकरल्या. “मुद्दे होते,” कुणी तरी म्हणालं. “आकडेवारी होती,” दुसरं कुणी म्हणालं. “इतिहासाचा आढावा चांगला घेतलाय,” मागून एक आवाज आला. हिंदुराव तर उठूनच उभे राहिले. “दुसऱ्या पानाबद्दल मी परवा बोललोच हाय.”

“केळापुरे, तुम्ही नोंद घेतलीत. कशाची घेतलीत?”

“हरकतीच्या... एकूण स्वरूपाची,” केळापुरे म्हणाले.

सरांनी घसा खाकरला. पुढच्याच ओळीत त्यांचा एक जुना विद्यार्थी बायकोला घेऊन बसला होता. “त्या फाइलला दुसरं पान नाही,” सर म्हणाले. “एकच पान आहे, आणि त्यावर एक अक्षर नाही. त्यात मी आहे. दाढी करताना. बनियनवर. चुकून पाठवला गेलेला माझा फोटो आहे तो. तुम्ही सगळ्यांनी तो वाचलात आणि तुम्हाला पटला.”

मग मागून एक खिदळणं आलं आणि मग जो हशा फुटला, तो समोरच्या बिल्डिंगच्या गॅलऱ्यांत लोक जमेपर्यंत थांबला नाही. सर हलले नाहीत. उभेच राहिले. शबनमबाई पदर सावरून त्यांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या, आणि कोण जास्त हसतंय ते एकेकाकडे बघून ठेवू लागल्या.

“हसा,” सर म्हणाले. “पण जसं मला वाचलंत, तसंच नोटिशीला वाचलंय तुम्ही. केळापुरे, काढा फोन आणि नोटीस वाचून दाखवा. आत्ता, इथे.”

केळापुरे यांनी ऐटीत फोन काढला. बोट ठेवलं. पुन्हा ठेवलं. फोन हलवला. “नेट स्लो आहे,” ते म्हणाले. मग इतरांनी आपापले फोन काढले, आणि पार्किंगभर बोटं टेकू लागली. ‘डाउनलोड पूर्ण’, ‘डाउनलोड पूर्ण’ असं एकेकाच्या तोंडून पुटपुटणं ऐकू येत होतं.

तेव्हा कडेच्या खुर्चीतून ओव्हाळ मॅडम उठल्या. त्यांनी चष्मा बदलला, फोनवर एकदाच बोट ठेवलं आणि खणखणीत आवाजात वाचायला लागल्या. खोली एका पार्सल पोहोचवणाऱ्या कंपनीला नऊ वर्षांसाठी द्यायची. इथपर्यंत लोक माना डोलवत होते. फाटक पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत उघडं ठेवायचं. माना थांबल्या. आणि पार्सलच्या गाड्यांसाठी आतल्या सगळ्या दुचाक्या बाहेर रस्त्यावर लावायच्या.

“काय?” हिंदुराव ओरडले. “माझी गाडी रस्त्यावर?”

“कुणी लिहिलं हे?” लोक केळापुऱ्यांवर धावून गेले. केळापुरे यांचा चेहरा पांढरा पडला होता. “मसुदा कंपनीकडून आला होता. मी फक्त पुढे पाठवला,” ते म्हणाले आणि मग त्यांचा स्वतःचाच आवाज चढला. “आणि माझी स्कूटर? मीसुद्धा रस्त्यावर लावायची?”

पुढचं मतदान म्हणजे नुसती धावपळ होती. प्रस्ताव फेटाळायला इतके हात वर गेले, की काहींनी दोन्ही वर केले. खोली वाचनालयच राहील, असं ठरलं. सर खाली बसले. त्यांनी मांडीवर पेपर पसरला.

“मॅडम,” त्यांनी वळून विचारलं, “तुम्हाला पहिल्या दिवसापासून उघडत होती?”

“हो. माझ्या ब्राउझरमध्येच आहे ती सोय. बोट लावलं की उघडतं.”

“मग मला आठवडाभर सांगितलं का नाहीत?”

“विचारलंत का? तुम्ही कंपनीला लिहीत होतात,” मॅडम म्हणाल्या. “आणि नोटिशीच्या शेवटच्या ओळीत होतं, हरकत सभेत तोंडी मांडता येईल. ती मी मांडणारच होते. तुम्ही आधी उभे राहिलात.”

सरांच्या डोक्यात एक शंका हळूहळू उगवली. “म्हणजे माझी फाइलसुद्धा...”

“उघडली,” मॅडम म्हणाल्या. “बनियन टाकून द्या.”

“मी दिवाळीपासून तेच म्हणतेय,” शबनमबाई म्हणाल्या. “आणि मॅडमचा ब्राउझर घ्या, नि संपवा हे.”

“अजिबात नाही!” सर ताडकन म्हणाले. “त्यांच्यात होतं, म्हणजे करता येतं. करता येतं, तर माझ्यातही व्हायलाच पाहिजे. मी का बदलू? त्यांनी सुधारावं!”

तेवढ्यात केळापुरे सभेचा वृत्तांत लिहायला बसले. त्यांनी फोन काढला, सगळ्यांच्या नजरा पाहिल्या, आणि तो गुपचूप परत ठेवला. कुठून तरी एक वही आली. लिहिता लिहिता ते अडखळले आणि दबक्या आवाजात म्हणाले, “सर, तुमच्या त्या... फाइलबद्दल काय लिहू? वृत्तांत कायमचा राहतो. वगळतो हवं तर.”

शबनमबाईंनी सरांची बाही हळूच ओढली. सरांनी शर्टाची कॉलर नीट केली आणि मान ताठ केली.

“लिहा,” ते म्हणाले. “बनियनसकट लिहा. फक्त कागदावर लिहा, केळापुरे, म्हणजे लोकांना वाचता येईल.”